दाजी, घ्या की!

मी सातारा जिल्ह्यात क्षयरोग कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक आहे. पेशंटच्या घरी जायचं, गोळ्या चालू आहेत ना ते बघायचं, घरातल्यांची तपासणी करून घ्यायची, हे माझं रोजचं काम. ज्या दिवसाबद्दल लिहितोय तो जत्रेचा होता. पेशंटची ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही.

पेशंट गवंडी, वय पस्तिशीच्या आतलं. बेडका तपासणीत टीबी निघाला आणि सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. त्यातल्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायरॅझिनामाइड या तिन्हींचा यकृतावर ताण पडतो. वर दारू गेली की धोका आणखी वाढतो. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यानं मनापासून ऐकलंही होतं. पण आमच्याकडे स्लॅब भरून झाला की संध्याकाळी मटण आणि बाटली ठरलेली. दिवसभर घमेली उचललेली दहा-बारा माणसं गोल करून बसलेली असताना एकट्यानं उठून जाणं सोपं नसतं. तो बसला. एकदा नाही, दोन-तीन स्लॅबना बसला.

दुसऱ्या महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला. जेवण जात नाही, सारखं मळमळतंय, लघवी लाल होतेय. रिफॅम्पिसिननं लघवी तांबूस होतेच, म्हणून पुष्कळ पेशंट घाबरतात आणि आम्ही त्यांची समजूत घालतो. पण मळमळ ऐकल्यावर मी तडक घर गाठलं. त्याला दारात उजेडाला उभं केलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. बुबुळाभोवतीचं पांढरं सगळं हळदीसारखं पिवळं. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. टीबीच्या गोळ्या थांबल्या, रक्ताचे रिपोर्ट खाली आल्यावर डॉक्टरांनी एकेक औषध पुन्हा सुरू केलं. दारू आणि गोळ्या यांत कशानं किती झालं ते वेगळं काढता येत नाही. पण मधे गोळ्या बंद राहिल्या तेवढा कोर्स लांबला, आणि तेवढे दिवस त्याला कामावरही जाता आलं नाही.

मग आली सासरवाडीची जत्रा. ते गाव माझ्याच भागात, त्यामुळे गोळ्यांची नवी पाकिटं तिथंच द्यायचं ठरलं. मी गाडी लांब लावली, पिशवीवरची ‘क्षयरोग’ अक्षरं आतल्या बाजूला केली. सासरी फक्त कावीळ झाल्याचं माहीत होतं. टीबीचं कुणालाच नाही, आणि ते सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा. मी ‘ओळखीचे साहेब’ म्हणून जेवायला बसलो.

आदल्या आठवड्यात त्यानं मला विचारलं होतं, “साहेब, माळ घातली म्हणून सांगू का? माळकऱ्याला कोन आग्रह करत नाय.” खरं आहे, आपल्याकडे दारू नाकारायचं याहून मानाचं कारण नाही. पण माळ म्हटली की मटणही गेलं. आणि मी तर त्याला अंडी, मटण, शेंगदाणे खा म्हणून मागे लागलेलो. टीबीच्या पेशंटला सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिन्याचे हजार रुपये मिळतात ते त्यासाठीच. शिवाय खोटी माळ घालणं त्यालाही पटेना. तो विषय तिथंच राहिला होता.

पंगतीआधी मागच्या खोलीत मेव्हण्यांनी बैठक मांडली. स्टीलचे पेले, उकडलेल्या शेंगा, देशी संत्रा.

“दाजी, घ्या की.”

“नगं. कावीळ झालीया न्हवं मला.”

“आवो ती कवाच उतरली! एवढ्याशानं काय हुतंय?”

असं विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मला इतक्या वर्षांत पक्कं कळलंय. जावई दारात आला आणि कोरडा गेला तर आपला पाहुणचार कमी पडला असं त्याला खरोखर वाटतं. पण त्या एवढ्याशाचीच मला धास्ती होती. ठणठणीत माणसासाठीसुद्धा दारूचं अमुक प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलंय. इथं तर यकृत नुकतंच सावरलेलं आणि रोजच्या गोळ्या चालूच.

“डॉक्टरांच्या गोळ्या अजून चालू आहेत त्यांच्या,” एवढंच मी म्हणालो. याहून जास्त बोलणं मला शक्य नव्हतं. धाकट्या मेव्हण्यानं तरी पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. “जत्रा काय रोज येती व्हय, दाजी? आमच्या दारात नाय म्हनू नका.”

त्यानं पेला घेतला. क्षणभर मला वाटलं, गेलं सगळं. मग त्यानं तो मेव्हण्याच्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाला, “कावीळ उलटली आन् मी गेलो, तर तुझ्या बहिणीला आन् पोरांना तू बघणार हायस का?”

कुणीच काही बोललं नाही. कोपऱ्यात बसलेल्या चुलत सासऱ्यांनी स्वतःचा पेला खाली ठेवला. “माझा थोरला भाऊ काविळीतच गेला,” ते म्हणाले. “बरा झाला म्हणून पुन्हा प्यायला बसला हुता. पाव्हण्याला लिंबूपाणी आना.”

लिंबू सरबत आलं. धाकटा मेव्हणा जरा ओशाळला होता, पण पंगतीत त्यानंच दाजींच्या ताटात नळीचे तुकडे शोधून शोधून वाढले.

मेव्हण्याला विचारलेलं ते वाक्य मी त्याला शिकवलेलं नव्हतं. तेव्हापासून नव्या पेशंटबरोबर मी एक जास्तीची गोष्ट करतो. जत्रा, हळद, स्लॅब, जिथं आग्रह होणार तिथली माणसं कोण, त्यांना काय सांगायचं आणि त्यांच्यापैकी आपल्या बाजूनं कोण बोलेल, हे आधीच बोलून घेतो. बायको, मोठा भाऊ, मुकादम, कुणीतरी एक जण निघतोच.

त्याच्यासाठी मुकादम निघाला. पुढच्या स्लॅबच्या वेळी त्यानं सकाळीच मुकादमाला सांगून टाकलं, “माझं ताट ठेवा, पेला नको.” कोर्स पुरा झाला, शेवटच्या बेडक्यात जंतू नव्हते, लिव्हरचा रिपोर्टही नॉर्मल आला. तो पुन्हा थापी घेऊन कामावर आहे, आणि पार्टीला अजूनही जातो.