शॉर्ट सेलनंतर आमच्याच घरात भाड्याने राहण्याचा खटाटोप

कॅलिफोर्नियातल्या ट्रेसीमध्ये आम्ही 2006 साली 5,20,000 डॉलरला घर घेतलं. पदरचं काहीच घातलं नव्हतं. पहिलं कर्ज 4,16,000 चं, दुसरं 1,04,000 चं. तेव्हा असे व्यवहार सर्रास होत. 2012 मध्ये ह्यांची नोकरी गेली तोवर घराची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली होती. हप्ते थकले. फोरक्लोजर, म्हणजे बँकेने घर ताब्यात घेऊन विकणं, टाळायचं तर शॉर्ट सेल हाच मार्ग उरला. म्हणजे कर्जापेक्षा कमी किमतीला घर विकायचं आणि उरलेल्या रकमेवर बँकेने पाणी सोडायचं.

धाकटे दीर सॅन होजेला राहतात. ते म्हणाले, "वहिनी, घर मी घेतो. तुम्ही भाडं द्या आणि जमेल तेव्हा परत घ्या." कित्येक महिन्यांनी त्या रात्री मला नीट झोप लागली.

दुसऱ्या दिवशी एजंटबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद ठेवला. 'आर्म्स लेंग्थ अ‍ॅफिडेव्हिट', म्हणजे हा व्यवहार परक्या माणसांमधला आहे असं प्रतिज्ञापत्र. विकणारा, घेणारा आणि दोघांचे एजंट, सगळ्यांनी सह्या करायच्या. त्यांनी पहिल्या कलमावर बोट ठेवलं: घेणारा आणि विकणारा यांच्यात रक्ताचं, लग्नाचं किंवा धंद्याचं नातं नाही. दीर तिथेच बाद झाले. मी म्हटलं, मग महाराष्ट्र मंडळातले एक स्नेही घेतील. बोट खाली सरकलं: विकणाऱ्याने भाडेकरू म्हणून राहावं किंवा पुढे घर परत मिळवावं, असं तोंडी, लेखी किंवा न बोलताही काही ठरलेलं नाही.

मला रडू फुटलं. बाजारभावाने भाडं देणाऱ्या कुटुंबाला बाहेर काढून बँकेला काय मिळणार? बाईंनी शांतपणे समजावलं. कर्ज बुडवून त्याच घरात स्वस्तात राहता येतं हे दिसलं, तर हप्ते भरू शकणारेही भरायचे थांबतील. मुद्दा मला पटला. तरीही प्रत्येक घराला हाच नियम लावणं मला आजही कठोर वाटतं. आमचं कर्ज फॅनी मेचं, म्हणजे बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचं, होतं आणि 2009 मध्ये त्यांनीच 'डीड फॉर लीज' आणलं होतं. त्यात घर त्यांच्या नावे करून वर्षभरापर्यंत भाड्याने राहता येई. पण आमच्या घरावर दुसऱ्या कर्जाचा बोजा होता, त्यामुळे ती वाट बंद होती.

"सही करा, आपसात गुपचूप ठरवा, कोण बघतंय?" असा सल्लाही मिळाला. खोट्या प्रतिज्ञापत्रावर फौजदारी खटला होऊ शकतो हे त्याच कागदावर छापलेलं होतं. ह्यांनी सल्ला देणाऱ्याला साफ नाही सांगितलं.

आम्हाला उपयोगी पडलं ते त्याच कलमाचं शेपूट. दुसरीकडे बिऱ्हाड हलवायला सवड मिळावी म्हणून विकणारा जास्तीत जास्त 90 दिवस भाडेकरू राहू शकतो. लेकीची पाचवी मे अखेरीस संपणार होती. बँकेचा माणूस दोनदा फोनवर म्हणाला, "क्लोजिंगच्या दिवशी (व्यवहार पुरा होऊन घर नव्या मालकाच्या नावे होतं त्या दिवशी) घर रिकामं हवं." तिसऱ्या वेळी बाईंनी त्याला ती ओळ वाचून दाखवली आणि परवानगी लेखी मागितली. ती यायला 11 दिवस लागले. कोणी या फेऱ्यात असेल तर फोनवरच्या 'नाही'वर थांबू नका. कागद मागा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

15 मार्च 2013 ला अनोळखी कुटुंबाने 2,85,000 ला घर घेतलं. दुसऱ्या कर्जवाल्यांना त्यातून 6,000 गेले. कॅलिफोर्नियाच्या 2011 च्या कायद्यामुळे उरलेल्या रकमेसाठी दोघांपैकी कोणीही आमच्या मागे लागू शकत नव्हतं. माफ झालेल्या कर्जावरच्या आयकराची सूटही त्या वर्षाअखेरपर्यंत वाढवलेली होती.

11 एप्रिलला पाडवा होता. नव्या मालकीणबाईंना फोन करून विचारलं, अंगणात काठी उभी करू का? त्या म्हणाल्या, जरूर करा, फोटोही पाठवा. गुढी त्याच जागी उभारली, कडुनिंब शेजाऱ्यांकडून आणला. 8 जूनला किल्ल्या आणि गॅरेजचा रिमोट स्टीलच्या डब्यात घालून त्यांच्या हातात दिला.