तक्तपोशी रंगवताना: घासणी झाली, आता डागांचा बंदोबस्त

मंडळी, जुन्या नाशकातल्या आमच्या माजघराची तक्तपोशी, म्हणजे छताच्या लाकडी फळ्या, आता प्रायमर घेण्याजोगी झाली आहे. सागाच्या फळ्यांवर रंग चढवतोय म्हणून काहींना हळहळ वाटेल. तुळयांना मी हात लावणार नाही, त्या पॉलिशमध्येच राहतील. पण छत ठेंगणं, गल्लीकडे एकच खिडकी आणि तेलाचं व्हार्निश वर्षानुवर्षं काळवंडत गेलेलं. आईला भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडावे लागतात. म्हणून फळ्या पांढऱ्या करायच्या.

आधी वर काय लावलंय ते ओळखलं. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा धरला. चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असतं तर चिकट होऊन बोळ्याला आलं असतं, तसं झालं नाही. थिनरनेही ते विरघळलं नाही, नुसतं सुरकुतलं. म्हणजे तेलाचंच व्हार्निश.

मग धुणं. चुलीचा धूर, समईची काजळी, फोडणीचा तेलकटपणा, सगळं वर साचलेलं. हे घासणीच्या आधीच काढायला हवं, नाहीतर तेल पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं आणि पुढे तिथूनच रंग सुटतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, घट्ट पिळलेलं फडकं, नंतर साध्या पाण्याचा हात. ओघळ थेट मनगटावर आणि डोळ्यांकडे येतात, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालाच.

घासणीत माझं मत ठाम आहे: सगळं व्हार्निश उतरवू नका. घट्ट बसलेला थर सागातलं तेल आत अडवून धरतो. चमक मरेपर्यंत 150 नंबर, मग 220, रेषांच्या दिशेने. पोपडे आलेत तिथे मात्र खरवडून 120. तोंडाला मास्क. खाली जुना रंग निघाला तर कोरडं घासू नका, पाणी लावून घासा. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या थरात काय असेल सांगता येत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. एका फळीवर पाण्याचा पांढरा प्रायमर लावून पाहिला. सकाळी त्यावर चहा सांडल्यासारखे पिवळे डाग, आणि तेही नेमके लाकूड उघडं पडलेल्या जागी. लाकडातला रंग पाण्यात विरघळून वर येतो, वर कितीही हात मारले तरी तो येतच राहतो. उपाय जुनाच: चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवून बाटली स्थिर ठेवली, मेण तळाशी बसू दिलं आणि वरचं नितळ तेवढं घेतलं. मेणावर रंग नीट धरत नाही. दोन पातळ हात दिले, त्यावर प्रायमर, आणि डाग थांबले. वाळल्यावर ब्लेडने जाळीसारख्या रेघा मारून चिकटपट्टी जोरात ओढली, एक कपचीही निघाली नाही.

लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) फक्त खिळ्यांच्या भोकांत भरली आहे. सांध्यांत अजिबात नाही. सध्या थंडीत फटी रुंद दिसतात, पण पावसाळ्यात फळ्या फुगतात आणि कडक लांबी तडकून बाहेर येते. तिथे लवचिक ॲक्रिलिक सीलंट.

आता तुळयांना टेप लावून सगळ्या फळ्यांवर चपडा. खिडकीजवळची एक फळी मात्र वाळवीने पोखरलेली निघाली. तिच्या जाडीचा जुना साग शोधतोय, तो मिळेपर्यंत तेवढा कोपरा थांबवला आहे.