आयसीडीचे झटके कमी करता येतात: माझा अनुभव

हार्ट अटॅकनंतर माझ्या हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं. काही महिने गोळ्या घेऊनही ते वाढेना, म्हणून डाव्या कॉलरबोनखाली आयसीडी, म्हणजे ठोक्यांवर लक्ष ठेवणारं छोटं मशीन, बसवलं. ठोके जीवघेणे बिघडले तर मशीन झटका देऊन वाचवेल, एवढंच तेव्हा सांगितलं गेलं. झटका विनाकारणही बसू शकतो आणि त्यावर उपाय असतो, हे कुणी बोललं नाही. आपल्या औसा-निलंगा भागात ज्यांच्या छातीत हे मशीन आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात गेलो होतो. आंबिलाचं मडकं घेऊन बांध चढताना धडधड वाढली आणि छातीत आतून दणका बसला. हात आपोआप वर उडाला, मडकं फुटलं. मी पूर्ण शुद्धीत होतो. सावरतोय तोवर दुसरा, मग तिसरा. शेजारचे ओरडत होते, "गुरुजी, खाली बसा, हलू नका!" बायकोनं हात धरला होता, तिलाही जराशी झिणझिणी जाणवली. त्यानं धरणाऱ्याला धोका नसतो, हे नंतर कळलं.

ज्या दवाखान्यात नेलं तिथं म्हणाले, मशीन आपलं काम करतंय, घरी जा. तिथून पुढचे दिवस फार वाईट गेले. आंघोळीला दाराची कडी लावायची भीती, जिना चढायची भीती, रात्री कूस बदलायचीही भीती. दुखण्यापेक्षा पुढचा झटका कधी बसेल याचीच धास्ती माणसाला खाते.

शेवटी लातूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे मशीन चेक करून घेतलं. छातीवर एक चपटं यंत्र ठेवलं की आतल्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर येतात. डॉक्टरांनी येळवसेच्या वेळची ठोक्यांची पट्टी छापून समोर धरली. ठोके मिनिटाला १८० च्या वर होते, पण त्यांच्यातलं अंतर एकसारखं नव्हतं. "गुरुजी, ही गडबड वरच्या कप्प्यातली आहे, एएफ. मशीनला ती खालच्या कप्प्यातली वाटली." माझ्या मशीनची मर्यादा १७० वर होती, म्हणजे ठोके त्याच्या वर गेले की ते उपचाराला लागायचं. मशीनपासून हृदयात गेलेल्या तारेत बिघाड झाला तरी असे नाहक झटके बसतात, म्हणून तारही तपासली. ती ठीक निघाली.

मग सेटिंग बदलली, न कापता, बाहेरूनच. मर्यादा २०० वर नेली. झटक्याआधी मशीननं थोडं जास्त थांबून खात्री करावी, असं ठरवलं. नियमित पण वेगवान ठोके आले तर आधी एटीपी, म्हणजे त्याहून जलद, विजेचे बारीक ठोके देऊन (पेसिंग) ती लय मोडायची. ते दुखत नाही. माझ्यासारख्या, आधी जीवघेणी लय न आलेल्या १५०० रुग्णांवरचा मॅडिट-आरआयटी अभ्यास २०१२ मध्ये आला, तो डॉक्टरांनी समजावून सांगितला. २०० ची मर्यादा ठेवलेल्यांत मशीनचे नाहक उपचार (झटका किंवा पेसिंग) तीन चतुर्थांशांहून जास्त घटले आणि मृत्यूही कमी झाले. हे ऐकून बायकोची भीती गेली. तोवर तिला वाटत होतं, मर्यादा वाढवली म्हणजे राखण ढिली झाली.

सोबत ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीचा डोस वाढवला, एएफमुळे रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली, पोटॅशियम तपासलं. एवढं करूनही झटके बसत राहिले तर अमिओडारोन (लय सांभाळणारं औषध) किंवा ॲब्लेशन (लय बिघडवणारी हृदयातली जागा नळीवाटे निकामी करणं) हे पर्याय आहेत, असंही सांगितलं.

त्यानंतर झटका बसलेला नाही. मागच्या चेकमध्ये एक खरी व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यातली धोक्याची वेगवान लय, नोंदलेली दिसली. एटीपीनं ती मोडली होती, रात्री, मी झोपेत असताना. मला पत्ताही नव्हता.

एक झटका बसून बरं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लागोपाठ बसले, चक्कर आली किंवा छातीत दुखत राहिलं, तर थेट दवाखाना गाठा. आणि मशीन चेक केल्याशिवाय, पट्टीवर काय दिसलं हे विचारल्याशिवाय घरी येऊ नका.