बारा फुटांचा बोगदा

"मुंबईपर्यंत गेलात, रांगेत उभे राहून तिकिटे काढलीत आणि मत्स्यालयातल्या बोगद्याच्या तोंडाशी येऊन परत का फिरलात?" हा प्रश्न मला २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीपासून विचारला जात आहे. डोंबिवलीच्या वन्सं विचारतात, शाळेतील सहकारी विचारतात, आणि बहुतेकांच्या तोंडी उत्तरही तयार असते: "लेक घाबरली असेल, लहानच होती." त्यावर मी इतकी वर्षे फक्त मान हलवत आले. आज तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून पूर्ण उत्तर देते. ते ऐकून माझ्याविषयीचे तुमचे मत बदलले, तर बदलू दे.

त्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आमच्या घरातील जिन्यापुरते मात्र सांगावे लागेल. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांना पोचली की इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते, तेव्हा ते आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. सासूबाईंनी त्या वेळी उंबऱ्यावर केलेली खूण आम्ही पुढे प्रत्येक रंगकामात जपली. म्हणून २०१९ मध्ये यजमान "आजच निघू या" म्हणत असताना, "पाणी उंबरा ओलांडत नाही" असे ठामपणे सांगणारी मीच होते. मी विज्ञान शिकवते, माझ्या बोलण्याला घरात वजन आहे, आणि त्या वजनावर पाच माणसे घरात थांबली. या खेपेला पाणी ५७ फुटांच्या वर गेले. दोन पुरांमधील तेवढ्या फरकाने आमच्या जिन्याच्या सात पायऱ्या बुडाल्या.

दोन रात्री आणि तीन दिवस आम्ही वरच्या मजल्यावर होतो. वीज नव्हती. दर अर्ध्या तासाने मी बॅटरी घेऊन जिन्याच्या तोंडाशी जात असे आणि कोरड्या राहिलेल्या पायऱ्या मोजून येत असे. दुसऱ्या रात्री माझ्यामागून लेक आली, पायरीवर पालथी पडली आणि आनंदाने ओरडली, "आई, आपल्या घरात मासा आलाय!" खरोखरच बॅटरीच्या उजेडात, गढूळ पाण्याच्या अगदी वरच्या थरात, बोटाएवढा एक मासा सातव्या पायरीच्या कडेने फिरत होता. त्याच्या खाली आमचे दार, दिवाण आणि तिची दुसरीची पुस्तके होती. ती पुस्तकांसाठी एकदाही रडली नाही, त्या माशाला मात्र तिने पोळीचा तुकडा टाकला. सांगली जिल्ह्यातल्याच ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटल्याचे कळल्यानंतर आमच्यासाठी नाव आली, तेव्हा तिला छातीशी घट्ट धरून बसणारी मी होते. ती मागे वळून घराकडे पाहत, मासा आता एकटा राहील का, असे विचारत होती.

म्हणून दिवाळीत तिला मत्स्यालय दाखवायचे ठरले. ते ठरवले मीच, हेही कबूल करते. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय मी लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिले होते. ते १९५१ साली सुरू झालेले, आणि २०१५ च्या नूतनीकरणात तिथे पारदर्शक ॲक्रिलिकचा बारा फुटांचा बोगदा झाला होता. बारा फूट म्हणजे मुलाची दहा पावले. यजमान आणि सासूबाई पुढे गेल्या. लेक माझे बोट धरून आत शिरली, तिने मान वर केली आणि म्हणाली, "आई, हे आपल्या जिन्यासारखंच आहे, फक्त पाणी स्वच्छ आहे." मीही वर पाहिले. डोक्यावरून मासे जात होते. पाण्याचा वरचा काठ मला कुठेच दिसेना. घरातल्या त्या रात्री निदान मोजायला पायरी होती. पाणी किती चढले आणि अजून किती चढू शकेल, याचा हिशेब करता येत होता. इथे आपण आधीच पाण्याखाली होतो आणि मोजण्यासारखे काहीच नव्हते. मी तिचा हात ओढला. ती रडायला लागली, कारण तिला आत जायचे होते. रडणाऱ्या मुलीला घेऊन मी बाहेर आले आणि समुद्राकडे पाठ करून कट्ट्यावर बसले. थोड्या वेळाने यजमान आले, त्यांनी तिच्या डोळ्यांतले पाणी पाहिले आणि विचारले, "घाबरली का?" मी "हो" म्हणाले.

त्या एका "हो"चे समर्थन माझ्याकडे नाही. मात्र भ्याडपणाचा आरोप मी मान्य करणार नाही. द्रवाचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, त्याच्या पसाऱ्यावर नाही, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. तो बोगदा फुटेल असे मला क्षणभरही वाटले नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनमधील एका हॉटेलातील भव्य मत्स्यटाकी पहाटे फुटली, सुमारे दहा लाख लिटर पाणी बाहेर आले आणि जवळजवळ सगळे मासे मेले, तेव्हा मला नावे ठेवणाऱ्यांनीच ती बातमी पाठवून "तुमचेच बरोबर होते" असे कळवले. ते बरोबरपण मला नको आहे. माझा अविश्वास ॲक्रिलिकवर नव्हता. "पाणी इथवरच येते" असे छातीठोक सांगणाऱ्या बाईवर होता, आणि ती बाई मी होते. तिच्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, हाती असलेल्या एकमेव मापावर विश्वास ठेवला, यात चूक काय? मी म्हणते, नदीने तुला कधी शब्द दिला होता? त्यावर ती विचारते, मग कोणत्या मापावर विश्वास ठेवायचा, आणि तिथे माझ्यापाशी उत्तर नसते.

लेक आता आठवीत आहे. इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितल्यामुळे तीही मैत्रिणींना "मी लहानपणी माशांना घाबरायचे" असे सांगू लागली आहे. मागच्या आठवड्यात ते माझ्या कानावर पडले आणि त्या रात्री मी तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने इतकेच विचारले, "म्हणजे जिन्यातला मासा खरा होता? मला वाटायचं, मी तो स्वप्नात पाहिला." मी तिला पायरी दाखवली.

करोनाच्या काळात ते मत्स्यालय बंद झाले. दुसरीकडे कुठे असा बोगदा असेल तर जाऊ या, असे तिचे म्हणणे आहे आणि मी अजून होकार दिलेला नाही. वन्सं, मे महिन्यात आम्ही तुमच्याकडे येऊ. प्रश्न विचारायचाच असेल तर मला विचारा, पण "तू घाबरली होतीस" असे तिला पुन्हा म्हणू नका.