रेडिएशनचा एमडी: पॅकिंग कोण शिकवतं?

रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या (किरणांनी कर्करोगावर उपचार करण्याच्या शाखेच्या) रेसिडेंटना, म्हणजे एमडी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, पहिली तक्रार ओझ्याची नसते. कंटूरिंग (स्कॅनवर गाठ आणि अवयवांच्या कडा आखणं) भरपूर होतं, पण आपलं कुठे चुकलं ते कोणी सांगत नाही, ही असते. रात्री बसून सीटीच्या 3 मिमीच्या स्लाइसवर गाठ, नोड (लसिकाग्रंथी), पॅरोटिड (कानापुढची लाळग्रंथी) आखायचे; सकाळी सर दुरुस्त करून फिजिसिस्टकडे (डोसचं नियोजन करणाऱ्याकडे) पाठवतात, विषय संपला. यावर उपाय साधा आहे. आपला स्ट्रक्चर सेट (आखलेल्या कडांचा संच) वेगळ्या नावाने ठेवायचा आणि नंतर सरांच्या सेटवर टाकून बघायचा. पॅरोटिडचा आतला लोब आणि नोडच्या भागाची वरची-खालची हद्द आधी तपासा.

ब्रेकीथेरपीचं (किरणांचा स्रोत शरीरात गाठीजवळ ठेवून केलेल्या उपचाराचं) दुखणं मोठं. ते बघून येत नाही, आणि किती केसेस हाताला लागतील हे कॉलेजवर ठरतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून 25 फ्रॅक्शनमध्ये (हप्त्यांत) 45 ग्रे (किरणांच्या डोसचं एकक), मग एचडीआरचे (जास्त वेगाने डोस देणाऱ्या ब्रेकीथेरपीचे) 7 ग्रेचे चार डोस. ट्यूमरसाठी ईक्यूडी2 (2 ग्रेच्या फ्रॅक्शनमध्ये मोजलेला समतुल्य डोस) साधारण 84 ग्रे. हे गणित सगळ्यांना पाठ असतं. टँडम (गर्भाशयात जाणारी ब्रेकीथेरपीची नळी) घालताना गर्भाशय पुढे झुकलंय की मागे, हे आधी बघितलं नाही तर भिंतीला भोक पडतं. मूत्राशय भरून पोटावरून सोनोग्राफी लावली की टोक कुठे जातंय ते दिसतं.

पॅकिंगकडे (टँडम-ओव्हॉइडचा अ‍ॅप्लिकेटर जागेवर राहावा आणि रेक्टम दूर जावं म्हणून योनीत गॉज भरण्याकडे) तर कोणी लक्षच देत नाही. मागचं गॉज सैल राहिलं की रेक्टम (गुदाशय) ओव्हॉइडला (गर्भाशयमुखाच्या बाजूला बसणाऱ्या अ‍ॅप्लिकेटरच्या गोल भागाला) चिकटतं. दर वेळी रेक्टमच्या सर्वाधिक डोस मिळणाऱ्या 2 सीसीला 4.5 ग्रे गेले तर बाहेरचे धरून ईक्यूडी2 मध्ये एकूण 70. तेच 6 गेले तर 86, आणि मर्यादा 75! गॉज ओव्हॉइडच्या वर सर्व्हिक्सपाशी कोंबलं तर अ‍ॅप्लिकेटरच खाली सरकतो. हे हातात हात धरून दाखवावं लागतं, सेमिनारमध्ये नाही.

रेडिओबायोलॉजी (किरणांचा पेशींवर होणारा परिणाम) मात्र परीक्षेपुरती वाचली जाते, मग मशीन बंद पडलं की गडबड होते. डोक्या-मानेच्या रुग्णाला 35 फ्रॅक्शनमध्ये 70 ग्रे चालू असताना तीन दिवस गेले, तर तेवढे डोस शेवटी जोडून भागत नाही. उपचार लांबला की ट्यूमर पुन्हा वाढून डोसचा परिणाम भरून काढतो, दिवसाला साधारण 0.6 ते 0.8 ग्रे इतका. बुडालेलं फ्रॅक्शन शनिवारी घ्यायचं, नाहीतर एका दिवशी दोन फ्रॅक्शन, मध्ये किमान 6 तास. हा हिशोब फाइलमध्ये रेसिडेंटनेच लिहावा आणि फिजिसिस्टकडून तपासून घ्यावा.