तुम्ही विचारलंत म्हणून: माझी उत्तरं दोन ओळींची का?

"समोरच्यानं चार परिच्छेद लिहिले आणि तुमचं उत्तर दोन ओळींचं. कंटाळा येतो का?" ऑनलाइन रोलप्लेमधला, म्हणजे एकेक पात्र घेऊन आळीपाळीनं लिहीत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळातला, जवळजवळ प्रत्येक नवा जोडीदार मला हे विचारतो. नाही, कंटाळा येत नाही. त्या दोन ओळींसाठी मी पुष्कळदा चार परिच्छेदांएवढाच वेळ बसलेली असते.

आखूड लिहिणं म्हणजे मोबाइलमुळे आलेला आळस, असं कोणी ठासून सांगितलं की मला राग येतो. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं 'मड' हा मजकुरावर चालणारा खेळ सुरू केला, रिचर्ड बार्टलनं तो पुढे वाढवला. अशा खेळांत एकाच खोलीत अनेक जण एकाच वेळी टाइप करतात. एक जण परिच्छेद रचत बसला तर बाकीचे ताटकळतात. (पुढे याच परंपरेत लांबलचक पोझ, म्हणजे आपल्या पाळीचा मजकूर, लिहिणारेही झाले, हे मान्य.) आज डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर साध्या खात्याला एका संदेशात २,००० अक्षरं मिळतात आणि ती भरली नाहीत तर समोरच्याचा अपमान होतो, असं अनेकांना वाटतं.

मलाही वाटायचं. मग ती नावाड्याची गोष्ट आली.

माझं पात्र नावाडी, माझ्या एका जोडीदारणीचं पात्र त्याचा धाकटा भाऊ. घर सोडून गेलेला तो भाऊ परत येतो, इथवर आम्ही खूप दिवस गोष्ट आणली होती. त्या प्रसंगाचं तिचं उत्तर फार सुंदर होतं. धुकं, भिजलेला दोर, काठावरचा चिखल. भावानं हाक मारली. थांबला. रडला. माफी मागितली. गाठोडं होडीत टाकलं आणि बसला. नियमानं यात काहीच चूक नव्हतं. माझ्या पात्राच्या तोंडी तिनं एक शब्द घातला नव्हता, गॉडमॉडिंगचा, म्हणजे दुसऱ्याचं पात्र परस्पर चालवण्याचा, आरोप कोणी करूच शकलं नसतं. पण हाकेला ओ देण्याची जागा निघून गेली होती. रडण्यापाशी काही बोलावं, तीही. माफीपाशीसुद्धा माझा नावाडी मुका उभा होता, कारण तिचा परिच्छेद अजून संपला नव्हता.

मी लिहिलं: "नावाड्यानं दोर सोडला नाही. 'उतर,' तो म्हणाला."

तिचा निरोप आला, पात्राचा नव्हे, तिचा स्वतःचा: "मी अख्खी संध्याकाळ लिहीत होते. तुला एवढंच सुचलं?" मी समजावायला गेले, पण तिनं पुन्हा काही लिहिलं नाही. भाऊ अजून होडीतच बसलेला आहे.

पूर्वीची मी असते तर नदीचं पाणी, आईची आठवण, थरथरणारे हात असं सगळं लिहिलं असतं. ती बहुधा थांबलीही असती. पण मग लांबीला लांबी जुळवण्याच्या नादात नावाड्यानं भावाला माफ करून टाकलं असतं, आणि ते मला आजही खोटं वाटतं. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. तो दोर तिनं लिहिला होता. तो नसता तर नावाड्याला न सोडण्यासारखं हातात काही नसतं. "त्यानं मान डोलावली" एवढंच लिहून गोष्ट मारणारे मीही भोगले आहेत, आणि त्यांच्या रांगेत मला बसवलं की फार लागतं.

आता सुरुवातीलाच सांगते: तुझ्या पात्रानं प्रश्न विचारला की तिथेच थांब, मला बोलू दे. काही जण मानतात. काही म्हणतात, मध्येच थांबलं की प्रसंगाची लय तुटते. त्यांचे परिच्छेद वाचताना मला तेही पटतं.