पावसाळ्याने तपासलेलं स्टूल

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'पाचशे शब्दांत मनोगत द्या' असा निरोप आला. मैदान, घंटा, सहली, सगळं आठवून पाहिलं, पण लिहायला बसलो की पेन विहिरीमागच्या सुतारकामाच्या पत्र्याच्या शेडकडेच वळायचं. बाकीच्या गुरुजनांची आधीच क्षमा मागतो, मी ब्रदरांवरच लिहिणार आहे.

आपल्या शाळेत ब्रदर म्हटलं की एकच, नाव सांगायला नको. नव्या मुलांसाठी एवढंच, की ब्रदर म्हणजे फादर नव्हेत. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं दोघांचीही, पण ब्रदर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करत नाहीत, कबुलीजबाब ऐकत नाहीत. "शिक्षण कमी पडलं काय हो, फादर नाही झालात ते?" असं माझ्या आजीने त्यांना तोंडावर विचारलं होतं. आई लाजेने आत पळाली. ब्रदर म्हणाले, "आजी, तुमच्या पाटाची पट्टी सुटलीय, द्या इकडे."

ब्रदरांच्या टेक्निकल विषयाला आठवीत प्रत्येकाला एक स्टूल करावं लागायचं. ते साल १९७८-७९. पायाच्या भोकात बसणारं टोक मी नको इतकं तासलं आणि सांधा ढिला पडला. नवीन लाकूड मागायची छाती नव्हती. मग सरसात भुसा कालवून ती फट भरली, वरून सँडपेपर मारला, लाखेचं पॉलिश केलं. दिसायला माझं स्टूल वर्गात सर्वांत देखणं. ब्रदरांनी बोटाच्या पेराने सांध्यावर टकटक केलं, दहापैकी आठ मार्क दिले आणि स्टूल शेडच्या पडवीत, पागोळ्यांखाली नेऊन ठेवलं. बाकीच्यांनी आपापली घरी नेली. मला वाटलं, माझं नमुना म्हणून ठेवलंय!

नववीत ऑगस्टअखेर बोलावणं आलं. ब्रदरांनी स्टूल उचललं तर तीन पाय वर आले, चौथा जमिनीवर राहिला. भुसा फुगून खिरीसारखा बाहेर आला होता. "पावसाळ्याने तुझं स्टूल तपासलं," एवढंच म्हणाले. मार्क आठवीतच मिळून गेले होते, त्यामुळे कापायला काही उरलं नव्हतं. पुढचे चार दिवस शाळा सुटल्यावर मी थांबलो आणि नवा पाय केला. रंध्यावर माझे हात, माझ्या हातांवर त्यांचे. "ढकलू नकोस रे. रंध्याला जाऊ दे."

१९८० पासून भारतातले सालेशियन, म्हणजे ब्रदरांच्या, डॉन बॉस्कोंनी काढलेल्या संघाचे लोक, टांझानियात जाऊ लागले. मी दहावीत होतो तेव्हा ब्रदरही निघाले. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात कपडे कमी, रंधे जास्त. निरोप समारंभाच्या भाषणांत 'काळ्या खंडात प्रकाश' वगैरे बरंच झालं. ब्रदर मान खाली घालून बसले होते. माझी खात्री आहे, त्यांचं लक्ष व्यासपीठाच्या फळ्यांतल्या फटींकडे होतं.

नंतर नाताळाला निळं पत्र यायचं. मी डिप्लोमा केला, पंपांच्या कंपनीत लागलो, पुढे स्वतःचा कारखाना काढला. (आज बावीस माणसं कामाला आहेत, आपल्या शाळेचेच सहा.) २००६ मध्ये कामानिमित्त दार-एस-सलामला गेलो आणि दोन दिवस चोरून ब्रदरांना भेटायला इरिंगाकडे निघालो. सुमारे ५०० किलोमीटर. मोरोगोरो सोडल्यावर हमरस्ता मिकुमीच्या अभयारण्यातूनच जातो, गाडीतून जिराफ दिसतात. पुढे ग्रेट रुआहा नदीकाठी गोरखचिंचांचं अख्खं रान लागतं. आपल्या वसईतल्या दोन-चार गोरखचिंचांचं आपल्याला केवढं कौतुक! ते झाड मूळचं तिकडचंच.

ब्रदरांची शाळा इरिंगाच्याही पुढे, आत गावात. तिथे प्राथमिक शाळा सात वर्षांची. सातवीनंतर माध्यमिकमध्ये सगळ्यांना जागा मिळत नसे, मग उरलेला पोरगा मक्याच्या शेतात, नाहीतर दार-एस-सलामच्या रस्त्यावर शेंगदाणे विकायला. अशांसाठी सुतारकाम, गवंडीकाम, वेल्डिंग, शिवणकाम. पहिलं वर्षभर ब्रदर विजेच्या यंत्राला हात लावू देत नसत. कारण विचारलं तर म्हणाले, "ह्यांच्या गावात वीज कुठे आहे? हातकरवतीवर पोट भरता आलं पाहिजे." शेवटच्या महिन्यात प्रत्येकाने हत्यारांची पेटी स्वतः करायची आणि ती भरून घरी न्यायची. डॉन बॉस्कोंनी १८५३ मध्ये तुरीनला चांभारकाम आणि शिंपीकामाचे वर्ग काढले, तेही असल्याच पोरांसाठी. दक्षिण टांझानियात पेरामिहोला बेनेडिक्टाइन या दुसऱ्या संघाचे जर्मन ब्रदर तर १८९८ पासून होते. ही परंपरा ब्रदर अर्ध्या मिनिटात सांगून मोकळे झाले, कारण त्यांना मला लाकूड दाखवायचं होतं.

शिकाऊ पोरांना साओ हिलच्या लागवडीतला पाईन. पण कोपऱ्यात एक ओंडका होता, म्निंगाचा. सालीवर लाल चीक ओघळून वाळलेला. "ओळख बघू." मला येईना. "बिवळ्याचा भाऊ आहे रे! घाव घातला की हाही रक्तासारखा वाहतो."

तेवढ्यात एक मुलगा दुसऱ्याला ओरडून म्हणाला, "रांदा!" आणि त्याने रंधा पुढे केला. मी चमकलो. स्वाहिलीत रंध्याला रांदा आणि पटाशीला पटासीच म्हणतात. आपल्याकडचे सुतार गलबतांतून गेले तेव्हा हत्यारांबरोबर नावंही तिथेच ठेवून आले असणार. तिथे शिक्षकाला म्वालिमू म्हणतात, आणि न्येरेरे राष्ट्राध्यक्ष असतानाही त्यांना देश म्वालिमूच म्हणायचा, कारण ते मूळचे शाळामास्तर. इथे आपण मास्तरांना काय म्हणतो ते लिहीत नाही.

पडवीत ओळीने स्टुलं मांडली होती, सतरा-अठरा. पाऊस तिकडे नोव्हेंबरात सुरू होतो. मी काही बोलायच्या आत ब्रदर मुलांना स्वाहिलीत काहीतरी म्हणाले आणि सगळी पोरं फिदीफिदी हसत माझ्याकडे बघू लागली. संध्याकाळी चहाला एकाने हळूच मला "मारांदा" अशी हाक मारली. अर्थ दुसऱ्या दिवशी कळला: रंध्याचा भुसा.

ब्रदर आता नाहीत. तिथल्याच मातीत आहेत.

गेल्या वर्षी नातवाच्या प्रवेशासाठी शाळेत आलो होतो. शेडच्या जागी संगणक कक्ष आहे, गार हवा, छान आहे. बाकांचं काय झालं विचारलं तर भंगारात गेले म्हणाले. सागवानी बाक होते ते, शिशवी शिकंजे असलेले. खिडकीकडून तिसऱ्या बाकाला खालच्या बाजूने पटाशीने कोरलेली तीन अक्षरं आहेत, ती माझी. कोणा माजी विद्यार्थ्याने किंवा भंगारवाल्याने तो बाक ठेवला असेल तर कृपया स्मरणिका समितीकडे कळवावं. सांगाल ती किंमत देईन, टेम्पोही माझाच पाठवीन.